सुक्या कचऱ्यात

आवाज फार मोठा नव्हता. ओल धरलेला फटाका अर्धवट उडावा तसा, फस्स करून दबलेला. त्याच्यामागून आली ती किंकाळी मात्र मोठी होती. उदयसिंह साळोखे सर तेव्हा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपरचं दुसरं पान उलटत होते. सकाळचे सव्वाआठ होऊन गेले होते. शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत घंटागाडी रोजच्या वेळेला येऊन, रोजचं गाणं वाजवत तालमीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं सांगणारं ते गाणं अजून चालूच होतं, आणि त्या गाण्याच्या आतच बाईचं ओरडणं, माणसांची धावाधाव, कुणीतरी बांधकामावरची वाळू आणायला सांगतंय, असं सगळं एकात एक मिसळून खिडकीतून आत येत होतं. सर उठले नाहीत. त्यांच्या हातातलं पान अर्धवट उलटलेलं तसंच राहिलं. कुणी येऊन काही सांगायच्या आत, न बघता, तिथं कोपऱ्यावर काय झालंय ते त्यांना कळलं होतं.

त्यांच्या पत्नी क्रांतीबाई ओले हात पदराला पुसत बाहेर गेल्या. वडील लाल निशाणवाले, मोर्च्यांत पुढं असणारे, म्हणून मुलीचं नाव क्रांती. गल्लीत काहीही झालं तरी दारात थांबून बघणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दहा मिनिटांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. घंटागाडीवरची शालन भाजली, त्यांनी सांगितलं. ती गाडीत चढून सुका कचरा हातानं दाबून बसवत होती. आत कुठलीतरी बॅटरी होती, ती दबली आणि तिच्यातून जाळाचा झोतच निघाला. उजवा हात, पंजापासून मनगटाच्या वरपर्यंत. मोबाईल दुरुस्तीवाल्या यशराजनं दुकानातली बाटली घेऊन पाणी ओतलं, मग तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एवढं सांगून क्रांतीबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, असलं काहीतरी कचऱ्यात टाकायला माणसाचं मन कसं होतं कोण जाणे. सरांनी पेपरची घडी घातली. मग ती उलगडली आणि पुन्हा घातली.

पॉवर बँक त्यांना निवृत्तीच्या दिवशी मिळाली होती. शाल, नारळ, फेटा, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांकडून ही एक काळी, तळहाताएवढी वस्तू. तिच्यावर सोनेरी अक्षरांचा स्टिकर, ‘मा. उदयसिंह साळोखे सर यांना सप्रेम’. निवृत्त माणसाला घराबाहेर फोन चार्ज करायची वेळ किती येणार? वर्षभरात ती शोकेसच्या खालच्या ड्रॉवरात गेली. त्या ड्रॉवरात सगळंच जात असे: बंद पडलेले दोन फोन, कुठल्या यंत्राचे ते आता कुणालाच न आठवणारे चार्जर, रिमोट, रेडिओ, घड्याळातले आणि टॉर्चमधले गळून पांढरी बुरशी धरलेले सेल. सरांनी आयुष्यात कधी वायरचा तुकडासुद्धा फेकला नव्हता. मुलगा-सून पुण्याहून येणार म्हणून आदल्या दिवशी क्रांतीबाईंनी ड्रॉवर आवरायला काढला आणि हे सगळं वेगळं ठेवा, कुठं द्यायचं ते विचारून द्या, असं त्यांना बजावलं. ते आवरताना पॉवर बँक हाताला लागली. तिचं पोट फुगलं होतं. दोन्ही बाजूंची झाकणं ताणून उकलली होती आणि फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती, खराब झालेल्या दुधाच्या पिशवीसारखी टम्म. एक गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत होता. आणि ती किंचित कोमट होती. की त्यांच्याच तळहाताची ऊब ती, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तिथून पुढचं सगळं सरांना लख्ख आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच त्या सकाळी खुर्चीतून उठवत नव्हतं. ते घाबरले होते. एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलेला माणूस एका तळहाताएवढ्या वस्तूला घाबरला होता. आता नातू येणार, ती पोरं ड्रॉवर ओढणार. ही वस्तू आज रात्रीसुद्धा या घरात नको, असं त्यांना झालं. द्यायची कुठं? गल्लीच्या तोंडाला यशराजचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, दहा पावलांवर. पण तिथं जाऊन यशराजला विचारायचं? दहावीला विज्ञानात नापास झालेल्या यशराजला? त्याच्या काउंटरसमोर उभं राहून, सर हे असं धरू नका, सर हे असं ठेवा, असं त्याच्याकडून ऐकायचं? ते मनाला नको वाटलं. उद्या घंटागाडी येईलच. एवढ्या ढिगात एक वस्तू. त्यांनी ती पेपरात गुंडाळली, तो पेपर रिकाम्या पाकिटांच्या आणि पुठ्ठ्यांच्या पिशवीत तळाशी घातला, पिशवीला सुतळी बांधली. गुंडाळण्याआधी मात्र खिडकीपाशी उभं राहून त्यांनी नखानं तो सोनेरी स्टिकर सोलून काढला. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, सावकाश, फाटू न देता. विसरून गेली असती, चुकून गेली असती, तर माणूस स्टिकर कशाला सोलतो? हा प्रश्न त्या सकाळी त्यांना पहिल्यांदा पडला, आणि नंतरचे चार दिवस तो त्यांच्याबरोबर जेवायला बसला, फिरायला गेला, आंघोळीच्या पाण्यातसुद्धा तो होता.

साडेदहाला महापालिकेचे आरोग्य निरीक्षक आले. संघर्ष नाव, तिशीचा, शांत बोलणारा मुलगा. हातात वही घेऊन तो घरोघर विचारत होता, काल-आज जुनी बॅटरी, फोन, असलं काही टाकलंत का म्हणून. त्याच्याबरोबर शेजारचे विजयसिंह होते, गल्लीतले सगळ्यांत मोठे पुढारी. सरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडात वाक्य तयार होतं की नव्हतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण संघर्षनं वही उघडण्याआधीच विजयसिंह म्हणाले, “हे सरांचं घर. हितं इचारायची गरज न्हाय. पोरास्नी शिकीवल्यात त्यांनी ह्या गोष्टी.” संघर्ष हसला, नमस्कार करून म्हणाला की सर, तुमच्यासारख्यांनीच गल्लीला जरा समजावून सांगा. आणि पुढच्या दाराला गेला. सर दार धरून उभे राहिले. सुटलो, असं वाटायला हवं होतं. उलट काहीतरी बाहेरून लागल्यासारखं वाटलं. आतून उघडता न येणारी कडी.

समजावून सांगायचं म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कोण जाणत होतं. पहिली नोकरी गगनबावड्याला लागली होती. तिथला पाऊस म्हणजे चार महिने कपडे वाळत नसत, वर्गातला खडू दमट होऊन फळ्यावर उमटत नसे, आणि वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे. शाळेत प्रयोगशाळा नव्हती. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या उदयसिंहनं टॉर्चमधले संपलेले सेल गोळा केले आणि भर वर्गात पक्कडीनं एक फोडून दाखवला होता. बाहेरचं जस्ताचं भांडं, आतली काळी भुकटी, मधोमध कोळशाची कांडी. पोरांनी ती कांडी घेऊन भिंतीवर रेघोट्या ओढल्या, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि मग हा तरुण मास्तर प्रत्येकाला पागोळीखाली उभं करून एकेकाचे हात साबणानं धूत बसला होता. नीट चोळ, नखातलं काढ, हे पोटात जाता कामा नये. ते छोटे छोटे हात. आज भिंतीकडं बघत बसल्या बसल्या त्यांना त्या हातांचा ओला, घसरता स्पर्श जसाच्या तसा आठवला, आणि लगेच त्यांच्या जागी दुसरा एक हात आला, जो त्यांनी बघितला नव्हता. शालनचा हात त्यांनी खरं तर कधीच बघितला नव्हता. रोज सकाळी सव्वाआठला तो पुढं यायचा, पिशवी घ्यायचा. हिरव्या बांगड्या होत्या का त्यात? अंगठी? गेली चार वर्षं. काही केल्या आठवेना.

दुपारपर्यंत गल्लीला दोष द्यायला माणूस सापडला होता. यशराजच्या दुकानात काउंटरखाली रंगाचा एक जुना डबा निघाला, अर्धा वाळूनं भरलेला, आणि वाळूत पुरून ठेवलेल्या पंधरा-वीस बॅटऱ्या, फोनच्या, फुगलेल्या, चपट्या, सगळ्या. आणखी काय पुरावा पाहिजे होता? यशराज सांगत होता की या बॅटऱ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत म्हणूनच मी वाळूत ठेवतो, टोकांना चिकटपट्टी लावतो, महिन्याला पुनर्वापराच्या कंपनीची गाडी येते ती वजन करून पावती देऊन नेते. त्यानं पावत्यांची चळतसुद्धा काढून दाखवली. कुणी हातात घेऊन बघितली नाही. ज्यानं रिक्षात बसवून शालनला नेलं तोच, हेही आता त्याच्याविरुद्ध जात होतं. मनात काही असल्याशिवाय एवढा पुढं पळाला कसा, असं कट्ट्यावर बोललं जात होतं. सर संध्याकाळी त्याच्या दुकानावरून गेले. मुद्दाम दुसऱ्या बाजूनं जाणार होते, पण पाय सवयीनं तिकडंच वळले. शटर निम्मं खाली होतं. सरांना बघून यशराज उठून उभा राहिला, सोळा वर्षांपूर्वी वर्गात उभा राहायचा तसाच, मान थोडी खाली. “सर,” तो म्हणाला, “तुमी तरी सांगा की त्यास्नी. वाळूत ठेवल्याली बॅटरी पेटत न्हाय. तुमचं ऐकतील.” सर म्हणाले, बघू. आणि चालू लागले. पाठीवर त्यांना त्याची नजर जाणवत होती, आणि तिच्यात संशय नव्हता हेच सोसत नव्हतं. या मुलाला त्यांनी एकदा भर वर्गात उभं करून म्हटलं होतं, यशराज, तुझ्या डोक्यात प्रवाहच वाहत नाही. वर्ग हसला होता. तो विनोद ते दरवर्षी कुणा ना कुणावर करीत. वर्ग दरवर्षी हसे.

तिसऱ्या दिवशी विजयसिंह अर्ज घेऊन आले. बरोबर तालमीतले दोघे. रहिवाशांच्या जिवाला धोका आहे तरी सदरचं दुकान तातडीनं बंद करावं, असा अर्ज. खाली सह्यांसाठी रेघा मारलेल्या. पहिली रेघ मोकळी सोडली होती, ती सरांसाठी. “मजकूर तेवढा तपासून द्या,” विजयसिंह म्हणाले, “आमचं काय, काना-मात्रा हुकतोय.” सरांनी चष्मा लावला. पेन हातात घेतलं. ‘निर्मान’चा ण केला. ‘जिवीतास’ होतं तिथला वि ऱ्हस्व आणि जी दीर्घ केली. एका लांबलेल्या वाक्यात पूर्णविराम घालून त्याची दोन वाक्यं केली. हात आपोआप चालत होता. एकतीस वर्षांचा तो हात, त्याला लाल-निळी शाई आणि चुका एवढंच कळत होतं. मग तोच हात न थांबता खाली आला आणि पहिल्या रेघेवर सही झाली, ठसठशीत, खाली दोन टिंबांसकट. विजयसिंहांनी कागदाची घडी केली. बाकीच्या सह्या उद्या घेऊन परवा देतो म्हणाले. क्रांतीबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती सही बघितली. पाहुणे गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “यशराजनं टाकली हे कुणी बघितलं?” सर म्हणाले, सगळे म्हणतात. क्रांतीबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांनी ड्रॉवरचं नाव काढलं नाही, पण त्यांची नजर एकदा शोकेसच्या खालच्या भागाकडं गेली आणि परत आली. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला प्रश्न विचारून तो अर्ध्यावर सोडल्याचं सरांना आठवत नव्हतं. त्यांनी तो आज सोडला. कप उचलून त्या आत गेल्या.

चौथ्या दिवशी दुपारी सर राजेंद्रनगरला शालनकडं गेले. शालनला घरी सोडलं होतं हे क्रांतीबाईंकडूनच कळलं होतं. त्या कालच जाऊन आल्या होत्या. सरांनी घरात सांगितलं नाही. वाटेत एका गाड्यावर त्यांनी डझनभर मोसंबी घेतली, आणि शालनच्या दारात पोचल्यावर, पिशवी पुढं करताना, त्यांच्या ध्यानात आलं की मोसंबं सोलायला दोन हात लागतात. पिशवी तिच्या मुलीनं घेतली. मनाली तिचं नाव, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. ती आईला भात भरवत होती. तो घास तसाच बशीत ठेवून तिनं सरांना खुर्ची दिली आणि कोण तुम्ही असं विचारलं. सरांनी नाव सांगितलं, गल्ली सांगितली. मनालीचा चेहरा जरा आवळला. ती म्हणाली, “माफी मागायला आलाय का बघायला आलाय?” शालननं तिला गप्प केलं आणि पाणी आणायला लावलं.

खोली लहान, स्वच्छ होती. शालन भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात उशीवर ठेवलेला, कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, फक्त अंगठ्याचं टोक उघडं. सरांना ते टोक बघवेना आणि दुसरीकडं बघताही येईना. त्यांनी विचारलं, फार दुखतं का? शालन म्हणाली, पट्टी बदलताना दुखतं. मग डॉक्टर काय म्हणाले, हे विचारलं. दोन बोटं वळतील का नाही ते महिन्यानं कळेल, ती म्हणाली. मग विचारायला काही उरलं नाही. बाहेर कुणाच्या तरी घरात मिक्सर चालला होता. तो थांबला. सर म्हणाले, “शालनबाई, ती बॅटरी माझ्या घरातली होती.”

तिनं मान हलवली. आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. शाळेच्या वहीत हजेरी लावावी तशी ती हलली. “ठावं हाय मला,” ती म्हणाली. “पिशवीला सुतळी हुती. आख्ख्या गल्लीत कचऱ्याला सुतळी कोण बांधतंय? तुमीच बांधतासा. पेपरांचा गठ्ठा बांधल्यावानी.”

मग तुम्ही सांगितलं का नाही, असं सरांनी विचारलं. हे आपण का विचारतोय, हे त्यांना कळत नव्हतं. शालननं डाव्या हातानं पदर सारखा केला. “सायेब आल्ते दवाखान्यात. तवा आग हुत हुती नुसती, काय ध्यानात आलं न्हाय. मागनं आलं. पर सांगून काय? तुमास्नी सर म्हणत्यात समदी. माझ्यावर कोण इस्वास ठेवल? पिशवी सुतळीची हुती म्हनून?” ती थांबली. “आन् गल्लीतनं काल-परवा धा मानसं येऊन गेली. कुणी केळी आणली, कुणी काय. यशराजनंच केलं म्हनून मलाच सांगून गेली. मला कुणी इचारलंच न्हाय, सर.”

मनाली पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सरांना वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल. ती ओरडली नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाली, “हे आणि कुणाला सांगितलंय तुम्ही?” कुणाला नाही, सर म्हणाले. “मग आईला सांगून काय उपयोग? तिला माहीतच होतं.”

परत येताना ते रिक्षात बसले नाहीत. उन्हात चालत आले. अर्ध्या वाटेवर त्यांना जाणवलं की आपण मनातल्या मनात वाक्यं तयार करतोय, आणि प्रत्येक वाक्यात एक पळवाट आहे: अनवधानानं, वयोमानानं, नजरचुकीनं. एकेक वाक्य ते खोडत होते आणि खोडलेल्याच्या जागी दुसरं तसलंच उगवत होतं. मंगळवार पेठेच्या चौकात एका दुकानाच्या पायरीवर ते टेकले. आता घरी जायचं, चहा प्यायचा, आणि गप्प राहायचं. शालन काही बोलणार नाही, मनालीचं कोण ऐकणार? परवा दुकान बंद होईल, यशराज दुसरीकडं कुठंतरी टपरी टाकेल. सहा महिन्यांत सगळं विसरलं जाईल. हे किती सोपं आहे, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्यांना स्वतःची भीती वाटली. पॉवर बँक हातात घेतल्यावर वाटली होती त्यापेक्षा जास्त. ती भीती त्यांनी पेपरात गुंडाळून दुसऱ्याच्या हातात दिली होती. ही कुणाला देणार?

तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळची माणसं जमली होती. फुटबॉलच्या मॅचचं बोलणं चाललं होतं. विजयसिंहांच्या खिशात अर्ज होता. एकवीस सह्या झाल्या, त्यांनी सरांना बघताच सांगितलं. सरांनी तो मागून घेतला, उलगडला आणि उभ्या उभ्याच म्हणाले की ती बॅटरी यशराजची नव्हती, माझी होती. बोलणं थांबलं. कुणीतरी हसलं, मग हसू गिळलं. विजयसिंह पुढं झाले, त्यांनी सरांच्या दंडाला हात लावला आणि आवाज उतरवून म्हणाले, बसा सर, उन्हातनं आलाय. मग सगळेच बोलायला लागले, आणि सगळे त्यांच्याच बाजूनं. वय झालं की होतंय असं. वहिनींनी चुकून टाकली असेल. एवढ्या कचऱ्यात काय कळतंय. आम्ही अर्ज मागं घेतो, यशराजला समज देऊन सोडू, विषय संपला. सर ऐकत होते. गल्ली त्यांना दार उघडून देत होती, आणि आत जाऊन बसायचं एवढंच बाकी होतं.

“चुकून नाही,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. फुगलेली बॅटरी दाबली की पेटते, हे मला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. माझं नाव होतं तिच्यावर. ते सोलून काढलं, मग टाकली.”

विजयसिंहांचा हात दंडावरून निघाला. हळूच, न कळेलसा. सरांनी पेन काढलं, पहिल्या रेघेवरची आपली सही आडवी खोडली आणि खालच्या कोऱ्या जागेत चार ओळी लिहिल्या. अक्षर वाईट आलं. तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ते संघर्षच्या कार्यालयात गेले. संघर्षनं तो वाचला, पुन्हा वाचला, जबाब लिहून घेतला, दंडाची पावती फाडली. त्या सबंध वेळात त्यानं एकदाच वर बघितलं. मी तुमच्या दारातून परत गेलो होतो, तो म्हणाला. एवढंच.

यशराजकडं जायला मात्र त्यांना आणखी एक दिवस लागला. त्याला कट्ट्यावरून सगळं कळलेलं होतं. शटर पूर्ण वर होतं, तो कुणाच्या तरी फोनवर वाकून बारीक स्क्रू काढत होता. यावेळी तो उठून उभा राहिला नाही. सर काउंटरसमोर उभे राहिले आणि बोलले, सहीचंसुद्धा बोलले. यशराजनं स्क्रू एका झाकणात टाकला, तो गोल फिरून थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिला. “धा पावलांवर हुतो की सर मी,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, घरात अजून असलं काय आहे? आहे, ड्रॉवरभर, सर म्हणाले. तसंच राहू द्या, हात लावू नका, मीच येतो, असं म्हणून तो परत फोनवर वाकला. दुपारी तो डबा घेऊन आला. फरशीवर बसून त्यानं एकेक सेल, एकेक फोन काढला, टोकांना चिकटपट्टी लावली, गळलेले सेल वेगळ्या पिशवीत घातले, बॅटऱ्या वाळूत ठेवल्या. सर खुर्चीवर बसून बघत होते. त्यानं त्यांना एकही गोष्ट समजावून सांगितली नाही. क्रांतीबाईंनी चहा दिला तो त्यानं घेतला, त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलला, आणि निघताना मान न वळवता ‘येतो’ म्हणाला. ते कुणाला, हे कळलं नाही.

शालन दीड महिन्यानं कामावर आली. मधल्या काळात गाडीवर दुसरी बाई असायची. सर त्या दिवसांत दोनदा राजेंद्रनगरला गेले; एकदा दार बंद होतं, एकदा मनालीनं दारातूनच आई झोपलीय म्हणून सांगितलं. कट्ट्यावर त्यांना कुणी बोलावत नसे, आणि ते दिसले तर लोक नमस्कार करायचे, जरा घाईनं. त्या सकाळी गाणं वाजलं तेव्हा ते पिशवी घेऊन दारात उभे होते. शालन गाडीबरोबर चालत आली. उजव्या हातात हातमोजा होता, त्यातली दोन बोटं सरळ, ताठ राहिलेली. सरांनी पिशवी पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही.

“खाली ठेवा,” ती म्हणाली. “सोडा.”

सर रस्त्यावर उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि आतलं सगळं डांबरावर पसरलं: बिस्किटांची पाकिटं, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, तेलाची पिशवी, फाटलेला पुठ्ठा, दाढीचं पातं वेगळ्या कागदात. विजयसिंह त्यांच्या दारात पिशवी घेऊन उभे होते. समोरच्या दोन घरांतली माणसं उभी होती. गाडीवाल्यानं गाणं बंद केलं. शालन वाकून बघत होती, घाई न करता, एकेक वस्तू. तिच्या सावलीत सरांचे हात होते, आणि ते त्यांनी तसेच उघडे ठेवले. मग ती सरळ झाली.

“व्हय. भरा आता आन् टाका गाडीत.”

त्यांनी भरलं, उठून गाडीपाशी गेले आणि स्वतः टाकलं. ती तोवर शेजारच्या दाराशी पोचली होती. विजयसिंहांनी पिशवी पुढं केलेली त्यांना दिसली, आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, तेवढाच, तसाच.

“खाली ठेवा. सोडा.”

विजयसिंहांनी एकदा सरांकडं बघितलं. मग तेही खाली बसले.